टायबरकाठची मराठी माणसे



बेळगावच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या परिसरात कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द अशी दोन गावे आहेत. नदीकाठची जमीन, भाताची व उसाची शेती, देवळासमोरचा पार, आणि हाकेच्या अंतरावर म्हणावे असे बेळगाव शहर. या शहरातील लष्करी छावणीशी आसपासच्या खेड्यांचे नाते जुने आहे. 1922 मध्ये मराठा पलटणींची पुनर्रचना होऊन त्यांची ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ अशी एक रेजिमेंट बनविण्यात आली आणि तिचे शिक्षणकेंद्र बेळगावास आले. तेव्हापासून कोकण, देश आणि हा सीमेवरचा मुलूख येथील शेतकऱ्यांची मुले बेळगावच्या कवायतीच्या मैदानावर उभी राहू लागली. त्यांपैकी पुष्कळांना पुढे नशिबाने अशा एका देशात नेले, की ज्याचे नावही त्यांच्या आईबापांनी ऐकलेले नव्हते. तो देश म्हणजे इटली.

इटली म्हटले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर रोम उभे राहते, व्हेनिसचे कालवे येतात; माझ्यासारख्या कॅथलिक माणसाला पोपमहोदयांचे व्हॅटिकन आठवते. परंतु आमच्या शिपायांनी जी इटली पाहिली ती ही नव्हे. त्यांनी पाहिली ती डोंगरांची, चिखलाची, गहू-मक्याची, बैलांची आणि गरीब कुळांची इटली. पर्यटक तेथे हौसेने जातो व आठ दिवसांत परततो. हे लोक महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षे, तेथे राहिले. कोणी सैनिक म्हणून राहिला, कोणी कैदी म्हणून, कोणी एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात लपून राहिला. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण अधूनमधून सांगतो. पण त्यांनी तेथे कोणते जग पाहिले आणि त्या जगातील माणसांनी त्यांना कसे वागविले, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आज तोच करावयाचा आहे.

प्रथम त्या गावांविषयी. इटलीच्या मध्यातून आपेनाइन पर्वताची रांग उत्तर-दक्षिण गेलेली आहे. तिच्या दोन्ही अंगांस उंब्रिया, तोस्काना, आब्रुत्सो असे प्रांत आहेत. आपल्या सह्याद्रीत गड डोंगरावर असतो आणि गाव पायथ्याशी असते. तेथे गावच गडावर असते. टेकडीच्या माथ्यावर तट, तटाला दरवाजे, आत अरुंद फरसबंदी बोळ, दगडी घरांची एकमेकांस टेकलेली दाटी, मध्यभागी चर्च व चौक. शेतकरी सकाळी डोंगर उतरून शेतावर जाई आणि संध्याकाळी पुन्हा चढून येई. ही उलटी रीत कशासाठी? एक तर मध्ययुगात प्रत्येक नगर शेजारच्या नगराशी लढत असे, तेव्हा उंचावर राहण्यातच सुरक्षितता होती. दुसरे, सखल भागांतील दलदलीत हिवतापाचे ठाणे होते. आणि तिसरे, खोऱ्यातील सुपीक जमीन घरांखाली घालविणे शेतकऱ्यास परवडणारे नव्हते. ही तिन्ही कारणे आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या डोंगरगावांत मराठी माणूस दोन वाटांनी शिरला. पहिली वाट पराभवाची होती. जून 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेतील तोब्रुकचा किल्ला जर्मन सेनानी रोमेल याच्या हाती पडला. तेथे मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे प्रसिद्ध ‘काळी पाचवी’, इतर फौजेबरोबर कैद झाली. आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांपैकी पुष्कळांना समुद्रापार इटलीत नेण्यात आले. आब्रुत्सो प्रांतात, डोंगरांनी वेढलेल्या आवेत्सानो या गावाजवळ त्यांच्यासाठी मोठी छावणी होती. घरी तार गेली ती ‘बेपत्ता’ अशी. पुढे कैदेत असल्याचे कळेपर्यंत कित्येक घरांत कुंकू पुसावे की ठेवावे, या विवंचनेत दिवस गेले असतील, त्याची कल्पनाच केलेली बरी.

8 सप्टेंबर 1943 रोजी इटलीने दोस्तांशी तह केल्याचे जाहीर झाले. कैद्यांच्या छावण्यांवरील पहारा ढिला पडला आणि जर्मन फौज ताबा घेण्यास धावली. मधल्या त्या थोड्या दिवसांत हजारो कैदी कुंपणाबाहेर पडून डोंगरांत शिरले. त्यांत इंग्रज होते, न्यूझीलंडचे होते, आफ्रिकेतले होते. आणि आपलेही लोक होते. या सर्वांना इटलीच्या खेडुतांनी आसरा दिला. कैद्यास पकडून देणाऱ्यास 1,800 लिरांचे बक्षीस जर्मनांनी जाहीर केले होते आणि आसरा देणाऱ्यास देहदंड सांगितला होता. गरीब मेंढपाळाच्या घरी 1,800 लिरा ही लहान रक्कम नव्हती. तरीही बहुसंख्य दारे बंद झाली नाहीत.

आर. जी. साळवी नावाचे एक मराठी लष्करी अधिकारी या प्रसंगातून गेले. पुढे ते ब्रिगेडियर झाले आणि आपल्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘ज्यांना शत्रूंनी आसरा दिला’ असा आहे. एका वाक्यात त्या काळाचे सारे नवल त्यात आले आहे. 1941 मध्ये आफ्रिकेतील केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणी इटालियन फौजेशी प्राणपणाने लढल्या होत्या. दोनच वर्षांनी त्याच इटलीतील एखादी म्हातारी मराठी तरुणापुढे आपल्या ताटातील निम्मे वाढून ठेवीत होती.

तिने असे का करावे? धर्म हे एक कारण खरेच आहे; दाराशी आलेल्या वाटसरूस विन्मुख पाठवू नये, ही शिकवण त्या खेड्यांत जुनी आहे. परंतु याहून जवळचे कारण होते. तिचा स्वतःचा मुलगाही कोठेतरी परमुलखात कैदी होता. आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक त्या वेळी आपल्या हिंदुस्थानातच होते. बंगळूर, भोपाळ, डेहराडून, योल येथील छावण्यांत ते दिवस मोजीत होते. आपण या परक्या मुलास भाकर दिली तर त्या दूरदेशी कोणी आपल्या मुलास देईल, हा हिशेब आईचा आहे. तो मांडण्यास कोणतीही भाषा यावी लागत नाही.

भाकर म्हटले ती कशाची, हेही पाहण्यासारखे आहे. डोंगराळ इटलीत गव्हाचा पाव सर्वांना रोज मिळत नसे. मक्याचे पीठ शिजवून केलेला ‘पोलेंता’ नावाचा घट्ट पदार्थ, चेस्टनटच्या फळांचे पीठ, बटाटे, सोयाबीनसारख्या नव्हे पण आपल्या घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, हे गरिबाचे अन्न. कण्या आणि आंबील खाऊन वाढलेल्या माणसास पोलेंता फार परका वाटला नसावा. उंब्रियात तर पाव मिठाशिवाय भाजतात.

दुसरी वाट विजयाची होती. सप्टेंबर 1943 पासून आठवी, चौथी व दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन क्रमाक्रमाने इटलीत उतरल्या. एकंदर 50,000 हून अधिक भारतीय सैनिक त्या देशात लढले. मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, आठव्या डिव्हिजनमध्ये होती व तिसरी पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये. जर्मनांची युक्ती साधी पण घातक होती. मागे सरताना पूल उडवावयाचे, वाटेत सुरुंग पेरावयाचे आणि पुढच्या डोंगररांगेवर ठाण मांडून बसावयाचे. त्यामुळे प्रत्येक टेकडी, प्रत्येक डोंगरगाव नव्याने घ्यावे लागे. मोटारी जेथे थांबत तेथून खेचरे पुढे जात आणि खेचरे थांबत तेथून माणूस जाई. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना ही वाट ओळखीची होती.

20 जून 1944 रोजी पेरुजा शहर पडले. त्यानंतर दहावी डिव्हिजन टायबर नदीच्या दोन्ही तीरांनी उत्तरेस चढू लागली. रोममधून वाहणारी जी टायबर आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो, तिचेच हे वरचे खोरे. जुलैच्या आरंभी उंबेर्तिदे घेतले, मग मोंतोने, आणि 22 जुलैस चित्ता दी कास्तेल्लो. नावे घेण्यास सोपी, पण या वाटेस जवळजवळ महिना लागला.

या खोऱ्यात आलेल्या निपाणीकडच्या शिपायास एक ओळखीचे पीक दिसले असणार. ते म्हणजे तंबाखू. वरच्या टायबर खोऱ्यात तंबाखूची लागवड सोळाव्या शतकापासून आहे. सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांस तेथील एक इतिहास विशेष गमतीचा वाटेल. 1440 च्या सुमारास पोप आणि फ्लॉरेन्सचे राज्य यांनी आपसांत हद्द ठरविली. ‘रिओ’ नावाचा ओढा ही सीमा, असे कागदावर लिहिले गेले. पण जागेवर त्या नावाचे ओढे दोन होते. एका राज्याने अलीकडचा धरला, दुसऱ्याने पलीकडचा, आणि मधले कोस्पाया नावाचे खेडे कोणाचेच राहिले नाही. तेथील शेतकऱ्यांनी स्वतःस स्वतंत्र म्हणून घोषित केले आणि 1826 पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार शतके, ते राजा नाही, सारा नाही असे राहिले. पुढे त्यांनी तंबाखू पिकवून पैसाही मिळविला. नकाशावरची रेघ ओढणारे दूर असतात आणि तिच्यावर नांगर चालविणारा जवळ असतो, हे सत्य मार्कंडेयकाठी काय आणि टायबरकाठी काय, सारखेच.

शेतीची रीतही परकी नव्हती. उंब्रियात व तोस्कानात जमीन जमीनदाराची, राबणारे कुळ, आणि पीक निम्मे-निम्मे अशी पद्धत होती. तिला ‘मेझाद्रिया’ म्हणत. आपल्याकडे हिलाच अर्धेली म्हणतात. औतास शुभ्र, उंच, धिप्पाड बैल असत. कियानिना ही त्यांची जात. खिलारी बैलांच्या प्रदेशातून आलेला माणूस तो बैल पाहून क्षणभर उभा राहिला नसेल, असे मला वाटत नाही. पुढे आपल्याकडे 1948 च्या कुळकायद्याने कुळास आधार मिळाला. इटलीत मेझाद्रियाचे नवे करार करण्यास 1964 मध्ये बंदी झाली आणि उरलेले करार 1982 च्या कायद्याने खंडात बदलता येऊ लागले. म्हणजे आमचे शिपाई तेथे होते तेव्हा दोन्हीकडची कुळे एकाच जोखडाखाली होती.

आता मोंतोने. टायबरच्या खोऱ्यावर टेकडीच्या माथ्यावर वसलेले हे लहानसे तटबंदीचे गाव. ब्राच्चो दा मोंतोने नावाचा चौदाव्या-पंधराव्या शतकातील विख्यात भाडोत्री सेनानी याच गावच्या घराण्यातला. त्याचा मुलगा कार्लो यास व्हेनिसच्या राज्याकडून प्रभू येशूच्या काटेरी मुकुटातील मानला जाणारा एक काटा मिळाला. त्या पवित्र काट्याचा उत्सव गाव आजही ऑगस्टमध्ये साजरा करते. दुसऱ्याच्या निशाणाखाली लढणारे शूर लोक या गावास नवे नव्हते. 1944 च्या जुलैत तसेच लोक पुन्हा आले. फक्त ते मराठी बोलत होते.

10 जुलै 1944 रोजी या भागात तिसऱ्या पलटणीच्या एका तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीचा नायक सोडून बाकी सारे ठार वा जखमी झाले. तो नायक होता यशवंत घाडगे, कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचा, वय अवघे बावीस. तो एकटाच त्या मोर्चावर धावून गेला. हातबाँबने त्याने मशिनगन व ती चालविणारा यांना उडविले, टॉमीगनने एकास टिपले. गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. मोर्चा हाती आला, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यास लागल्या आणि तेथेच त्याचा अंत झाला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या देहाची जागा ज्ञात नाही. कासिनो येथे, ज्यांना थडगे नाही अशांच्या नामावलीत त्याचे नाव कोरलेले आहे.

नऊ महिन्यांनी, 9 एप्रिल 1945 रोजी, सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीतील नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधव या शिपायाने असाच पराक्रम केला. सुरुंगांनी भरलेल्या काठावरून, खोल पाण्यातून, त्याने दोन जखमी सहकाऱ्यांना एकामागून एक पाठीवर वाहून आणले. मग परत जाऊन मशिनगनचे मोर्चे बंद पाडले आणि काठाच्या माथ्यावर उभे राहून आपल्या लोकांस रणगर्जनेने पुढे बोलाविले. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मात्र जिवंत घरी आला. इटलीच्या मोहिमेत एकंदर 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी 6 भारतीयांचे, आणि त्या सहांत हे दोन मराठे आहेत.

ही शौर्यकथा सांगताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. डोंगरगावांच्या सुटकेची किंमत त्या गावांनीही दिली. 25 एप्रिल 1944 रोजी टायबरवरील पुलासाठी दोस्तांच्या विमानांनी उंबेर्तिदेवर बाँब टाकले. पूल राहिला आणि 70 गावकरी मेले. आमच्या शिपायाच्या बाजूनेही प्रश्न सोपा नव्हता. जो देशोदेशींच्या लोकांना स्वातंत्र्य मिळवून देण्यास निघाला होता, त्याचा स्वतःचा देश परतंत्र होता. त्याच्या पुढाऱ्यांना 1942 च्या ऑगस्टपासून तुरुंगात टाकलेले होते. 5,782 भारतीय सैनिक इटलीच्या भूमीत मरण पावले. ते कोणासाठी, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. पगारासाठी, पलटणीच्या नावासाठी, शेजारच्या साथीदारासाठी, असे त्यांतल्या बहुतेकांनी सांगितले असते. पण ज्या गावात ते शिरले तेथील लोकांना एवढे कळले, की यांच्या येण्याने जर्मन गेले.

पराक्रमाहून वेगळी अशी एक गोष्ट 1944 च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस मोंतेगुफोनी या डोंगरावरील वाड्यात घडली. जंगी पलटणीचे लोक त्या वाड्यात उतरले होते. तळघरांत आसपासचे निर्वासित शेतकरी कुटुंबांसह दाटीने राहत होते. आणि त्याच वाड्यात फ्लॉरेन्सच्या जगप्रसिद्ध संग्रहालयांतील चित्रे सुरक्षिततेसाठी आणून ठेवलेली होती. त्यांत बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’ होते, जोत्तोची मरियामाता होती. एरिक लिंक्लेटर हा स्कॉटिश लेखक आणि बी. बी. सी. चा एक वार्ताहर तेथे पोहोचले तेव्हा त्यांना ही चित्रे भिंतींशी टेकवून ठेवलेली आढळली. मग त्यांवर मराठा शिपायांचा पहारा बसविण्यात आला. ज्या चित्रांपुढे जगातील रसिक आज रांगा लावतात, त्यांच्या दाराशी काही दिवस मराठी पहारेकरी उभे होते.

इटलीतील युद्ध मे 1945 मध्ये संपले. जे जगले ते बोटीने परतले आणि पुन्हा औताशी लागले. जे राहिले त्यांपैकी हिंदू आणि शीख सैनिकांना त्या भूमीवरच अग्नी दिला गेला. फोर्ली येथे आणि सांग्रो नदीकाठी त्यांची नावे स्मारकशिलांवर कोरलेली आहेत. इटलीतील 40 युद्ध-दफनभूमींत भारतीयांच्या नोंदी आहेत.

मोंतोने मात्र त्यांना विसरले नाही. जुलै 2023 मध्ये त्या गावाच्या नगरपालिकेने इटलीतील काही लष्करी इतिहासकारांच्या साहाय्याने यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते पुतळ्याच्या रूपात नाही; ते सूर्यघड्याळ आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. परकीय सैनिकाची आठवण ठेवताना त्यांनी ना शस्त्र निवडले, ना विजयाची खूण. शेतकऱ्यास वेळ सांगणारे साधन निवडले. मला ही निवड फार उचित वाटते.

आता प्रश्न आपल्याकडचा. माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे, ते योग्यच झाले. पण ज्यांना पदक मिळाले नाही अशा हजारोंचे काय? त्या वेळी शिपायांची पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असे. त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत करून ठेवलेले अहवाल लंडनला जपलेले आहेत. मूळ मराठी पत्रे मात्र घरोघर आली, आणि घरोघरच नाहीशी होत आहेत. 1944 मध्ये जो वीस वर्षांचा होता तो आज शंभरी ओलांडून गेला असता. त्याच्याकडून ऐकलेले सांगू शकतील अशी मुलेही आता म्हातारी झाली आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी विचारावयास कोणी उरणार नाही.

म्हणून सीमाभागातील घराघरांस माझी विनंती आहे. माळ्यावरची आजोबांची लोखंडी ट्रंक एकदा उघडून पाहा. तीत सहा टोकांचा एक ब्राँझचा तारा कदाचित सापडेल. त्याच्या फितीवर तांबडा, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा व तांबडा असे पाच पट्टे असतील तर तो ‘इटली स्टार’ होय. इटलीच्या निशाणाचेच ते रंग आहेत. त्याच्यासोबत एखादे पत्र, डिस्चार्जचा कागद, फोटो असेल तर ते भंगारात जाऊ देऊ नका. कागदावर पलटणीचा क्रमांक असतो. त्यावरून तो माणूस कोणत्या डोंगरावर होता हे बहुधा शोधता येते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की आजोबा तेथल्या लोकांविषयी काय सांगत, काय खाल्ले म्हणत, कोणते चार शब्द त्या भाषेतले त्यांना येत. ते लिहून ठेवा. आम्हा शिक्षकांनाही हे करण्यासारखे आहे. वर्गातील मुलांकडून एवढे काम करून घेतले तर प्रत्येक गावाचा एक लहानसा इतिहास तयार होईल, आणि तो कोणत्याही पुस्तकात आयता मिळणारा नसेल.

इटलीच्या डोंगरगावांनी आपल्या मुलांना भाकर दिली, आणि त्यांच्यातल्या एका गावाने ऐंशी वर्षांनी एका मुलाचे नाव दगडावर कोरले. आपल्या घरातील नावे निदान वहीत तरी उतरली पाहिजेत.